नोव्हेंबरचे हरीण, पुढच्या डिसेंबरात: एका शोल्डर माउंटचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातील चौथ्या गुरुवारी येणाऱ्या सणाच्या, आधीच्या शनिवारी सुरू होतो. अशा एका शनिवारी दुपारी एका शिकाऱ्याने पांढऱ्या शेपटीचा एक प्रौढ नर टिपला. सोमवारी संध्याकाळी त्याने त्याचे मस्तक, मान आणि खांद्यांवरील कातड्यासह, जवळच्या गावातील टॅक्सिडर्मिस्टच्या, म्हणजे मेलेल्या प्राण्याचे कातडे टिकवून त्याला जिवंतासारखे रूप देणाऱ्या कारागिराच्या, हवाली केले. मजुरीची निम्मी रक्कम आगाऊ भरली गेली आणि पावतीवर ‘अंदाजे आठ ते दहा महिने’ असे लिहिले गेले. तयार शोल्डर माउंट, म्हणजे भिंतीवर टांगायचे खांद्यांपर्यंतचे मस्तक, ग्राहकाच्या हाती आले ते पुढच्या वर्षीच्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे सुमारे साडेबारा महिन्यांनी. या काळात ग्राहकाने अनेकदा विचारणा केली, मे महिन्यात मस्तक परत मागण्याचीही भाषा केली आणि सप्टेंबरात त्याला अशी शंका आली की आपले हरीण कुठेतरी विसरले गेले असावे. ते विसरले गेले नव्हते. मग हा वेळ गेला कुठे, हे या लेखात टप्प्याटप्प्याने तपासले आहे. अशा अनेक कामांत नेहमी घडणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण उभे केले आहे. त्यातील ग्राहक आणि कारागीर ही प्रातिनिधिक पात्रे आहेत.

आधी एक आकडा लक्षात घ्यावा लागेल, कारण सगळा गैरसमज तिथूनच सुरू होतो. एका शोल्डर माउंटला प्रत्यक्ष हाताचे काम साधारण दहा ते पंधरा तासांचे असते. ही माहिती ग्राहकाला होती आणि तिच्यामुळेच तो अधिक चिडला होता: दोन दिवसांच्या कामाला वर्ष कसे लागते, हा त्याचा प्रश्न वरवर पाहता बिनतोड होता. मात्र ते तास सलग येत नाहीत. दोन तास काम, मग काही आठवडे थांबणे. चार तास काम, मग काही महिने थांबणे, अशा रीतीने ते वर्षभर विखुरलेले असतात. यातील काही थांबे कातड्याच्या स्वभावामुळे येतात, काही हंगामामुळे, तर काही, जसे या प्रकरणात घडले, जंगलातल्या पहिल्या तासांत झालेल्या हाताळणीमुळे.

मस्तक दारात आले तेव्हा

कारागिराने सर्वप्रथम शिकारीचा नोंदणी क्रमांक नोंदवहीत उतरवला. विस्कॉन्सिनमध्ये टॅक्सिडर्मीच्या व्यवसायाला राज्याचा परवाना लागतो आणि आलेल्या प्रत्येक प्राण्याची नोंद ठेवावी लागते. त्याशिवाय मस्तक ठेवून घेता येत नाही. त्यानंतर त्याने कातडे उलटसुलट करून पाहिले आणि तीन गोष्टी टिपून ठेवल्या. पोट साफ करताना दिलेला छेद छातीच्या हाडावरून नको तितका पुढे गेला होता. हरीण गाडीपर्यंत ओढत नेल्यामुळे उजव्या खांद्याच्या वर, मानेच्या बुडाशी, तळहाताएवढ्या भागातील केस मुळापाशी तुटले होते. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसणारी नव्हती: त्या आठवड्याअखेरीस हवा उबदार होती आणि हरीण दोन रात्री गॅरेजमध्ये टांगलेले होते.

यातील तिसरी गोष्ट कारागिराला सर्वांत जास्त खुपली. प्राणी मरताच त्याच्या कातड्यावरील जिवाणू वाढू लागतात आणि केसांना धरून ठेवणारा वरचा थर सैल करू लागतात. ऊब, ओल आणि वेळ या तिन्ही गोष्टी मिळाल्या की पुढे कमावताना केसांचे पुंजके निघून येतात. इंग्रजी बोलणारे कारागीर याला ‘हेअर स्लिप’ म्हणतात आणि एकदा ते झाले की त्यावर उपाय नाही. कान, पापण्या आणि पोटाकडची कडा येथे ते आधी दिसते. सोमवारी रात्री कानाच्या मुळाशी केस हलकेच ओढून पाहता ते टिकून होते. पण ती परीक्षा कच्च्या कातड्याची होती. खरा निकाल पुढे कमावताना, आम्लाच्या टाकीतून कातडे बाहेर आल्यावरच लागणार होता.

त्याच रात्री मस्तक सोलले गेले. मानेच्या मागच्या बाजूने वर येणारा एक छेद आणि दोन्ही शिंगांच्या बुडांकडे जाणारे त्याचे दोन फाटे, असा तो इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा काप असतो. पुढून पाहणाऱ्याला एकही टाका दिसू नये, हा त्यामागचा हेतू. शिंगांभोवतीची कातडी हाडापासून उचकटून काढावी लागते, आणि डोळ्यांपाशी, डोळ्यापुढच्या खाचेत आणि ओठांपाशी चाकू हाडाला घासत न्यावा लागतो, कारण तिथे झालेली चूक चेहऱ्याच्या मधोमध दिसते. मग सोललेल्या मुंडक्यावर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचे अंतर आणि मानेचा घेर दोन ठिकाणी मोजला गेला. ही मापे त्याच वेळी घ्यावी लागतात. नोव्हेंबरात नर माजावर असतो आणि त्याची मान उन्हाळ्याच्या मानाने बरीच फुगलेली असते. ताणल्या जाणाऱ्या कातड्यावरून तो फुगवटा नंतर खात्रीने ठरवता येत नाही.

शिंगांसह कवटीचा वरचा तुकडा करवतीने कापून साफ केला गेला. मेंदू आणि उरलेली कवटी ठरावीक पद्धतीने विल्हेवाटीसाठी बाजूला गेली. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या प्राणघातक रोगामुळे ही काळजी घ्यावी लागते. हा रोग प्रथम १९६७ मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत लक्षात आला आणि विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ मध्ये आढळला. त्याच्या तपासणीसाठी घशाच्या मागील लसिका ग्रंथी काढतात. माउंट करायच्या मस्तकातून त्या कातडे सोलल्यानंतरच काढायच्या असतात, नाहीतर गळ्यावर आडवा काप येऊन बसतो. या हरणाच्या बाबतीत ते नीट पार पडले.

कातडे घडी घालून, पिशवीत बांधून, चिठ्ठी लावून फ्रीझरमध्ये गेले आणि जानेवारीच्या अखेरीपर्यंत तिथेच राहिले.

दोन महिने फ्रीझरमध्ये कशासाठी

विस्कॉन्सिनमध्ये अलीकडच्या वर्षांत त्या नऊ दिवसांत पावणेदोन ते दोन लाखांच्या घरात हरणे मारली जातात आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास नर असतात. सगळेच माउंट होत नाहीत. पण ज्यांची शिंगे मोठी आहेत ती जवळपास सगळी याच पंधरवड्यात कुठल्या ना कुठल्या कार्यशाळेच्या दारात येऊन पडतात. इतर धंद्यांत मागणी वर्षभर थोडीथोडी येते. येथे ती धरणाचे दार उघडल्यासारखी येते आणि पुढचे वर्षभर त्या पाण्याचा निचरा करावा लागतो. त्या दिवसांत कारागीर रात्री उशिरापर्यंत फक्त सोलतो, मोजतो आणि गोठवतो. जे सोलून गोठवले ते टिकते. जे पडून राहिले ते सडते. त्यामुळे आधी आलेल्या एका हरणाचे काम पुढे नेण्यासाठी थांबणे म्हणजे नंतर आलेली पाच कातडी गमावणे होय.

आपल्या प्रकरणातील कार्यशाळा एका माणसाची होती. हंगामात त्याच्या मदतीला एक जण येई. त्या वर्षी सव्वाशेच्या आसपास मस्तके जमा झाली होती. प्रत्येकाला सरासरी १२ तास धरले तर १,५०० तास होतात, आणि आठवड्याला ४० तास फक्त माउंटचेच काम केले, म्हणजे फोन, हिशेब, साफसफाई, आजारपण यांतले काहीच मोजले नाही, तरी साडेसदतीस आठवडे लागतात. सप्टेंबरच्या मध्यापासून धनुष्यबाणाचा हंगाम सुरू झालेला असतो, त्यामुळे त्या शिकाऱ्यांची हरणे आपल्या ग्राहकाच्या कितीतरी आधी रांगेत लागली होती. बंदुकीच्या हंगामाच्या तिसऱ्या दिवशी आलेल्या मस्तकाचा क्रमांक सत्तरीच्या पुढे होता. याचा अर्थ असा की कातड्याला एक दिवसही थांबावे लागले नसते, तरीही कारागिराच्या हाताला या मस्तकापर्यंत पोहोचायला बरेच महिने लागलेच असते. माझ्या मते पावतीवर ‘आठ ते दहा महिने’ लिहिण्याआधी हा गुणाकार ग्राहकासमोर मांडायला हवा होता. तो मांडायला एक मिनिट लागले असते.

मीठ आणि टॅनरी

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कातडे वितळवून तयारी सुरू झाली. आतल्या बाजूचे मांस आणि चरबी खरवडली गेली. कान उलटवले गेले, म्हणजे कानाच्या मागची कातडी आतल्या कूर्चेपासून थेट टोकापर्यंत सोडवली गेली. ओठ, नाकपुड्या आणि पापण्या आतून चिरून उलगडल्या गेल्या, जेणेकरून दोन पदरांच्या मधे दडलेल्या मांसापर्यंत मीठ पोहोचेल. मग आयोडीन नसलेले बारीक मीठ प्रत्येक सुरकुतीत चोळून कातडे एक दिवस उतारावर ठेवले, पाणी झिरपू दिले, ओले मीठ झटकून पुन्हा ताजे मीठ लावले आणि कातडे वाळू दिले. मीठ दोन कामे करते: पाणी ओढून घेऊन जिवाणूंची वाढ थांबवते आणि केसांची मुळे घट्ट धरून ठेवते. ज्या कोपऱ्यात मीठ पोहोचले नाही तिथे पुढे केस जातात, म्हणून या कामात घाई करणारा कारागीर स्वतःचेच नुकसान करून घेतो.

फेब्रुवारीच्या मध्यास वाळलेली कातडी गठ्ठ्याने टॅनरीकडे, म्हणजे कातडी कमावण्याच्या कारखान्याकडे, रवाना झाली आणि आपल्या हरणाचे कातडे जुलैच्या मध्यास परत आले. साडेबारा महिन्यांतील पाच महिने येथे गेले. सर्वांत मोठा हिस्सा हाच आहे आणि ग्राहकाला सर्वांत कमी दिसणाराही हाच.

कातडे कमावण्याची प्रक्रिया स्वतः पाच महिन्यांची नाही, हे कबूल करायला हवे. वाळलेले कातडे मिठाच्या पाण्यात भिजवून पुन्हा मऊ करतात. मग ते आम्ल आणि मीठ यांच्या द्रावणात बुडवतात, ज्याचा सामू २ च्या आसपास ठेवलेला असतो. येथे ते निदान तीन दिवस राहते, फुगते, आणि नको असलेली प्रथिने त्यातून निघून जातात. त्यानंतर ते बाहेर काढून गोल पात्याच्या यंत्रावर आतून तासतात. माजावरच्या नराच्या मानेचे कातडे जाड आणि राठ असते. ते तासून पातळ केले नाही तर फॉर्मवर, म्हणजे आतल्या घडीव देहावर, बसवताना मानेचे वळण धरत नाही आणि पुढे अवाजवी आकसते. उलट पापणीपाशी एक फिरकी जास्त झाली तर भोक पडते. तासल्यावर कातडे पुन्हा आम्लात जाते, मग खाण्याच्या सोड्याने सामू ४ च्या आसपास आणतात, कमावण्याचे रसायन देतात, तेल चोळतात, ते मुरू देतात आणि शेवटी लाकडी भुशाच्या फिरत्या पिंपात घोळून केस स्वच्छ आणि कातडे लवचीक करतात. सगळे मिळून काही आठवड्यांचे हे काम आहे. उरलेले महिने रांगेचे असतात, कारण अनेक राज्यांतील कार्यशाळा आपापले गठ्ठे हिवाळ्याच्या शेवटी एकदमच पाठवतात. कार्यशाळेची गर्दी नोव्हेंबरात असते, तर टॅनरीची मार्चमध्ये.

मे महिन्यात ग्राहकाला कोणीतरी सांगितले की दुसऱ्या एका ठिकाणी तीन महिन्यांत काम होते. ही माहिती खोटी असायचे कारण नाही. झटपट काम दोन रीतींनी होते. एक म्हणजे कारागीर स्वतःच कमावतो आणि वर्षाला मोजकीच मस्तके घेतो. अशा ठिकाणी काम लवकर होऊनही उत्तम असू शकते, आणि तिथे ग्राहकाला बहुधा ‘या वर्षीची जागा भरली’ हे ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. दुसरी रीत म्हणजे कातडे न कमावता, खरवडून पातळ केल्यावर आतून टाकणखाराची कोरडी पूड चोळून ते थेट फॉर्मवर चढवणे. पूड ओल शोषते आणि किड्यांना दूर ठेवते, पण कातड्याचे चामडे होत नाही. ते वाळलेले कच्चे कातडेच राहते. ते वाळताना जास्त आकसते आणि घरातली हवा हिवाळ्यात कोरडी, उन्हाळ्यात दमट झाली की त्याच्याबरोबर हलत राहते. परिणामी शिंगांच्या बुडाशी टाके उसवणे, ओठ खाचेतून सुटणे, कानाची कडा सुरकुतणे हे प्रकार दोन-चार वर्षांनी दिसू शकतात. या पद्धतीनेही चांगले काम करणारे जुने हात आहेत. तरी ज्या कातड्याने दोन उबदार रात्री गॅरेजमध्ये काढल्या होत्या, त्याच्यासाठी ही पद्धत कारागिराने नाकारली ते योग्यच होते, असे मला वाटते.

जुलैतला पेच

कमावलेले कातडे परत आले तेव्हा भीती वाटत होती तेवढे नुकसान नव्हते. कान आणि पापण्या शाबूत होत्या. पोटाकडची कडा दोन बोटे विरळ झाली होती, पण ती फॉर्मच्या मागे वळवून लपणारी होती. छातीवरचा लांब छेद बारीक टाक्यांनी शिवता येण्याजोगा होता, कारण तिथले दाट केस टाके झाकतात. अडचण झाली ती ओढताना घासलेल्या जागेची. तिथे केस पुन्हा येणार नव्हते.

ग्राहकाने नोव्हेंबरातच ठरवले होते की हरणाने आपल्या डाव्या बाजूला वळून पाहावे, कारण त्याच्या घरातील भिंतीची रचना तशी होती, आणि त्यानुसार फॉर्म मागवलेला होता. मान डावीकडे वळली की उजवी बाजू ताणली जाऊन बघणाऱ्याच्या समोर येते. म्हणजे नेमकी ती घासलेली जागा. तीन मार्ग होते. दुसऱ्या हरणाचे कातडे विकत घेऊन त्यावर हीच शिंगे बसवणे. हे सर्रास केले जाते आणि त्यात फसवणूक काही नाही, पण ग्राहकाला आपल्याच हरणाचा चेहरा हवा होता. घासलेला भाग कापून कडा ओढून शिवणे. पण मानेच्या बुडाशी केसांची दिशा बदलत असते आणि चुकीच्या दिशेचे केस एकमेकांना भिडले की शिवण लांबूनही ओळखू येते. तिसरा मार्ग वळणच बदलण्याचा होता: मान उजवीकडे वळवली तर ती जागा आतल्या बाजूच्या घडीत, भिंतीकडे जाते.

हा निर्णय घ्यायला जवळपास तीन आठवडे गेले आणि ते बहुतांशी ग्राहकाच्या बाजूने गेले, कारण भिंत बदलायची की हरणाचे तोंड, यावर घरात एकमत होत नव्हते. अखेर उजवे वळण ठरले, त्याच मापाचा दुसरा फॉर्म मागवला गेला, आणि तो येईपर्यंत कारागिराने रांगेतली पुढची मस्तके हाती घेतली. अर्धवट कामे मधेच सोडता येत नसल्यामुळे आपल्या हरणाची पाळी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आली. ओढत नेताना हरणाखाली ताडपत्री घातली असती तर हा पेच आलाच नसता आणि सहा-सात आठवडे वाचले असते.

दोन दिवसांचे काम

आता ते दहा-पंधरा तास. पेंढा भरून कातडे शिवणे ही फार जुन्या काळची रीत झाली. आज कातड्याच्या आत कडक पॉलियुरेथेन फोमचा घडीव फॉर्म असतो, ज्यावर स्नायू, शिरा आणि गळ्याचा उंचवटा आधीच उठवलेला असतो. आतला घडीव देह महत्त्वाचा, ही दृष्टी रुजवण्यात टॅक्सिडर्मिस्ट कार्ल एकली यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी विस्कॉन्सिनमधल्याच मिलवॉकीच्या संग्रहालयात काम केले होते, आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे चार ऋतूंतील चार देखावे घडवण्यात काही वर्षे घालवली. १९०२ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमने ते घेतले. एका हरणाला वर्ष लागल्याची तक्रार करणाऱ्याने हे देखावे एकदा पाहावेत, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तयार फॉर्म कितीही चांगला असला तरी तो कुठल्यातरी दुसऱ्या हरणाचा असतो. म्हणून आधी कातडे त्यावर नुसते चढवून पाहतात, जिथे सैल आहे तिथे माती भरतात, जिथे घट्ट आहे तिथे कानसतात. शिंगांचा तुकडा मोजमापाने स्क्रूंवर बसवतात. त्याचा कोन किंचित चुकला तरी हरीण पाहताक्षणी खोटे वाटते, आणि का वाटते ते सांगता येत नाही. काचेचे डोळे मातीत बसवतात. हरणाची बाहुली आडवी, लांबट असते आणि डोके कसेही वळले तरी ती जमिनीला समांतर राहिली पाहिजे. कानांत कूर्चेऐवजी प्लॅस्टिकचे अस्तर किंवा भरणीचा लगदा जातो. मग फॉर्मवर खळ लावून कातडे चढवतात आणि मानेच्या मागची शिवण शिंगांपर्यंत घालतात.

यानंतरचे काम सर्वांत सावकाश चालते. ओठांच्या कडा फॉर्ममध्ये कोरलेल्या खाचेत एकेक मिलिमीटर करून बोथट हत्याराने दाबायच्या, पापणी डोळ्यावर नेमकी किती उतरवायची ते ठरवायचे, नाकपुड्यांचे अस्तर आत वळवायचे, डोळ्यापुढच्या खाचेत कातडे तळापर्यंत बसवून टाचण्यांनी धरून ठेवायचे, कानांच्या कडा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांत धरायच्या, आणि ओले केस विंचरून त्यांच्या मूळ दिशेला लावायचे. केसांची दिशा आता चुकली तर वाळल्यावर ती बदलत नाही.

वाळणे

कातडे चढवून झाल्यावर ग्राहक कार्यशाळेत येऊन गेला आणि त्याला हरीण तयार दिसले. त्याने ते घरी नेण्याची परवानगी मागितली, हे समजण्यासारखे आहे. पण ते हरीण अजून ओले होते. कमावलेल्या कातड्यात बसवताना भरपूर पाणी असते आणि ते जाताना तंतू एकमेकांजवळ येतात, कातडे आकसते. कान आणि पापण्या पातळ असल्यामुळे काही दिवसांत वाळतात. मानेचे जाड कातडे आणि त्याखालची खळ यांना कित्येक आठवडे लागतात. म्हणजे चेहरा स्थिर झालेला असताना मान अजून ओढत असते. या ओढीने पापणी काचेपासून सुटते, ओठ खाचेतून वर येतो, आणि जिथे फॉर्म खोलगट आहे तिथे कातडे खळ सोडून ताठ ताणले जाते. म्हणून पहिल्या आठवड्यात कारागीर रोज मस्तकापाशी येतो, काय सुटले ते पाहतो, पुन्हा दाबतो, टाचणी हलवतो. एका दिवशी फक्त पाच मिनिटे लागतात, पण ती पाच मिनिटे दुसऱ्या दिवशी देऊन चालत नाहीत.

हीटर लावून हे लवकर उरकता येत नाही. बाहेरची बाजू आधी वाळून ताठ झाली की आतली ओल अडकते, कानांच्या कडा मुडपतात आणि शिवणीवर ताण येतो. त्या वर्षी सप्टेंबरचा शेवट दमट होता, त्यामुळे मान पूर्ण वाळायला ऑक्टोबरचा अखेरचा आठवडा उजाडला. वाळण्याआधी रंग दिला असता तर नाकावरचा रंग ओलीमुळे उठला असता आणि डोळ्यांभोवती भरलेल्या इपॉक्सीच्या कडेने पुढे भेग दिसली असती.

शेवटच्या टप्प्याला फारतर दोन-तीन तास लागतात: टाचण्या काढणे, बारीक फटी इपॉक्सीने भरणे, वाळताना उडालेला नाकाचा, पापण्यांचा आणि नाकपुड्यांच्या आतला रंग एअरब्रशने पातळ थरांत परत आणणे, केस झाडणे, मागे टांगण्याची पट्टी लावणे. हे दोन-तीन तास मिळायला मात्र नोव्हेंबर आडवा आला. नव्या हंगामाची मस्तके दारात पडू लागली आणि वर सांगितलेला नियम पुन्हा लागू झाला: सोलणे आधी, बाकी सगळे नंतर. वाळलेले मस्तक थांबू शकते, ओले कातडे थांबू शकत नाही. रंग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागला.

वेळेचा हिशेब आणि जबाबदारी

साडेबारा महिन्यांची वाटणी अशी पडते: फ्रीझरमध्ये सुमारे दोन महिने, मीठ आणि वाळवण्याला जेमतेम तीन आठवडे, टॅनरीत पाच महिने, जुलैतला पेच आणि त्यानंतरची रांग मिळून सव्वादोन महिने, वाळण्याला एक महिना, आणि रंगासाठी थांबण्यात सव्वा महिना. यातील फक्त वाळणे, मीठ आणि टॅनरीतील प्रत्यक्ष प्रक्रियेचे आठवडे कातड्याने मागितलेले आहेत. ते कोणत्याही कार्यशाळेत कमी होणार नाहीत. टॅनरीची रांग वर्षानुवर्षे चालत आलेली आहे आणि कारागिराला ती ठाऊक होती. सव्वाशे मस्तके स्वीकारण्याचा निर्णयही त्याचाच होता. त्यामुळे आठ ते दहा महिन्यांचा अंदाज आशावादी नव्हे तर चुकीचा होता, असे म्हणावे लागते. आणि जुलैपर्यंत ग्राहकाला एकदाही आपणहून फोन न करणे ही त्याहून मोठी चूक होती, कारण कातडे टॅनरीत आहे एवढे कळले असते तर मे महिन्यातील वाद झाला नसता. दुसरीकडे, पेचाचे सहा-सात आठवडे ग्राहकाच्या खात्यावर जातात. ते गेले नसते तर माउंट ऑक्टोबरात हाती आले असते. तेही पावतीवरच्या मुदतीच्या बाहेरच, पण नव्या हंगामाच्या आधी.

उरलेली रक्कम ग्राहकाने पूर्ण भरली; उशिरासाठी सूट मागितली नाही आणि कारागिरानेही देऊ केली नाही. कार्यशाळेच्या पावतीवर आता महिन्यांचा आकडा छापलेला नसतो. त्याऐवजी कातडे टॅनरीकडे गेल्याची, परत आल्याची आणि माउंट वाळायला ठेवल्याची अशा तीन तारखा भरण्याची जागा असते, आणि प्रत्येक तारखेला ग्राहकाला फोन केला जातो. मस्तक घेताना छातीवरचा छेद, घासलेली जागा आणि प्राणी किती तास उबदार हवेत होता, हे ग्राहकासमोरच लिहिले जाते आणि वळणाची बाजू त्यानंतर ठरते.